विल्होनं न वाचलेल्या ओळी

तुर्कू, ४ फेब्रुवारी १९५८

प्रिय साइमी,

दीड महिना माझं पत्र नाही म्हणून तू मला शिव्या घालत असशील. घाल, पण आधी हे ऐक.

३ जानेवारीला, शुक्रवारी, कचेरीत वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाचं प्रूफ तपासत होते. एकाएकी कपाळामागे कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं. दुखलं असं फारसं नाही. पुन्हा प्रुफाकडे पाहिलं तर सगळा मजकूर परक्या लिपीत. मला वाटलं, खालच्या कंपोझिटर कारट्यांनी गंमत केली. मी ओरडले, "हे कुठल्या देशाचं छापलंय रे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. रूनेबर्ग म्हातारा हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बसा." मी म्हटलं, "बसलेलीच आहे की!"

डोक्यातली एक रक्तवाहिनी तुंबली. हात, पाय, जीभ शाबूत आहेत, जीभ तर जास्तच. पण दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं अर्धं जग गेलं. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. ताटातला उजवीकडचा बटाटा तसाच राहतो, मग आमचा नवरोबा विल्हो ताट फिरवतो. आणि वाचता येत नाही. एक अक्षरसुद्धा नाही. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःचं नाव दाखवलं तर काटक्या पडल्यासारख्या दिसतात.

आता गंमत बघ, लिहिता येतं. हाताला सगळं आठवतं. हे पत्र माझ्याच हातचं आहे. फक्त लिहून झालं की मलाच वाचता येत नाही. मध्ये कुणी हाक मारली तर वाक्य कुठं सोडलं तेही कळत नाही, तेव्हा एखादी गोष्ट दोनदा आली तर समजून घे.

तुझी पत्रं विल्हो वाचून दाखवेल. आयुष्यभर ट्राम चालवलेल्या माणसाला तुझं मास्तरणीचं बारीक अक्षर लावायचं म्हणजे शिक्षाच, पण भोगू दे. सविस्तर लिही. युद्धात वीपुरीचं घर सोडून आलेल्यांतल्या आपण दोघी बहिणीच उरलो. तुझं पत्र म्हणजे मला माहेर आहे.

तुझी,
केर्त्तू

—

साल्मिवारा, १९ फेब्रुवारी

प्रिय केर्त्तू,
(आणि विल्हो, हे तुम्ही वाचताय म्हणून तुम्हालाही नमस्कार.)

तुझं पत्र शाळेच्या पायरीवर उभ्यानं वाचलं आणि तिथंच खाली बसले. बाहेर उणे अठ्ठावीस. आल्मानं, आमच्या शाळेच्या स्वयंपाकीणबाईनं, मला ओढत आत नेलं. तू विनोद केलेस म्हणून मी जास्त रडले. तुला वाचता येत नाही हे वाक्य मला वाचवत नाही.

माझ्या पहिलीत या वर्षी सात मुलं आहेत. त्यांनाही शब्द म्हणजे काटक्याच दिसतात. पण ती शिकतात, केर्त्तू. दरवर्षी शिकतात. हे नुसतं लक्षात ठेव.

आता माझं. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. नाताळात वाफेच्या सौनामध्ये अंग घासताना डाव्या स्तनात गाठ लागली. वाटाण्याएवढी होती, आता अक्रोडाएवढी आहे. औलूच्या इस्पितळात दहा मार्चला ऑपरेशन आहे. शाळेत कुणाला बोललेले नाही, फक्त आल्माला माहीत आहे. मी घाबरले आहे. तू स्वतःच आजारी, तुला ये म्हणणार नाही. पण लगेच दोन ओळी पाठव. "साइमी, घाबरू नकोस" एवढं लिहिलंस तरी पुरे. ऑपरेशनला जाताना तो कागद खिशात ठेवीन.

तुझी,
साइमी

—

तुर्कू, ८ मार्च

प्रिय साइमी,

तुझं पत्र एवढंसंच! विल्होनं कॉफीचा कप संपायच्या आत वाचून टाकलं. पायरीवर बसलीस, आल्मानं ओढलं, सात मुलं, संपलं. मी म्हटलं, "एवढंच?" म्हणाला, "एवढंच. साइमी मजेत आहे." तू मजेत आहेस हे ऐकून बरं वाटलं, पण मजेतल्या माणसानं दोन पानं तरी लिहावीत.

मला मात्र नवीन उद्योग लागला आहे. विद्यापीठात डॉक्टर स्टेनरूस म्हणून एक आहेत. माणूस बारीक, कायम थंडी वाजत असल्यासारखा. वाचताना डोळे कसे हलतात याचा अभ्यास करतात. मेण लावलेली एक पट्टी दातांत धरायची, हनुवटी टेकवायची, डोळ्यावर बारीक उजेड टाकतात आणि त्या उजेडाचं बुबुळावरचं प्रतिबिंब फिल्मवर टिपतात. पहिल्या दिवशी मी तोंडात पट्टी घेऊन बोलायला गेले तर ते म्हणाले, "बाई, या खोलीत शांत बसणारी माणसंच चालतात." मी पट्टी काढून म्हटलं, "मग चुकीची बाई बोलावलीत."

मला वाटायचं, डोळा ओळीवरून बर्फावरच्या घसरगाडीसारखा सरकत जातो. तसं नाहीच म्हणे. तो उड्या मारतो. उडीत असताना त्याला काही कळत नाही. मग पाव सेकंद थांबतो, सात-आठ अक्षरं उचलतो, पुन्हा उडी. मध्येच मागं जाऊन बघतो, नीट कळलं नाही तर. घरी येऊन विल्होला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे ट्रामच झाली. माणसं थांब्यावरच चढणार." डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं!

माझा डोळा मात्र एका अक्षरावर तीन-तीन सेकंद उभा राहतो, आणि ट्राम रिकामीच सुटते.

सविस्तर लिही ग.

केर्त्तू

—

औलू, २८ मार्च

केर्त्तू,

इस्पितळाच्या पलंगावरून लिहिते आहे. डावा स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यांतही होतं. आता क्ष-किरणांचे शेक देणार आहेत. डावा हात उचलवत नाही, निदान लिहायचा नाही तो.

तुझं पत्र आल्मानं इथं पाठवलं. लगेच उघडलं. "तू मजेत आहेस हे ऐकून बरं वाटलं." तीनदा वाचलं. माझंच काही चुकतंय असं वाटलं, म्हणून शेजारच्या पलंगावरच्या बाईला वाचायला दिलं. तिनं वाचून परत दिलं.

एक शब्द नाही, केर्त्तू? डॉक्टरांच्या फिल्मबद्दल पानभर, आणि माझ्या गाठीबद्दल एक शब्द नाही? युद्धात आई गेली तेव्हाही तू अशीच होतीस. ट्रकमध्ये मी रडत होते आणि तू भांडी मोजत होतीस. तेव्हा मी तुला माफ केलं, कारण भांडी कुणीतरी मोजायलाच हवी होती. आत्ता तू काय मोजते आहेस?

साइमी

—

तुर्कू, ६ एप्रिल, ईस्टर

साइमी,

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सोडून दे. केर्त्तू चर्चला गेली आहे शेजारणीबरोबर, तेवढ्यात लिहितो.

तिला काही माहीत नाही. तुझ्या गाठीच्या ओळी मी वाचल्या नाहीत. कालच्या पत्रातलं तर काहीच वाचलं नाही. हवामानाची दोन वाक्यं मनानं सांगितली.

इस्पितळातून सोडताना तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मोठा धक्का बसू देऊ नका, दुसरा झटका आला तर ही राहणार नाही. तुझं पत्र वाचत होतो आणि ती ओळ आली. ती समोर बसून हसत होती. माझं तोंड आपोआप पुढच्या ओळीवर गेलं. पुढच्या ओळीतही तेच. मग मी "तुझी, साइमी" म्हटलं आणि कागद दुमडला.

बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. सत्तावीस वर्षांत तिच्याशी खोटं बोललो नव्हतो, जमेल असंही वाटलं नव्हतं. जमलं.

तुझ्यावर काय गुजरत असेल ते समजतं. तिला दगड समजू नकोस. दगड असलो तर मी आहे. पण यापुढं आजाराचं लिहू नकोस, एवढी विनंती. मला एकच बायको आहे.

विल्हो

—

औलू, १५ एप्रिल

विल्हो,

तुमचं पत्र वाचून तुमचा राग आला आणि केर्त्तूवरचा गेला. दोन्ही एकदमच. तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. आमच्या घरात वाईट बातमी टेबलावर ठेवायची पद्धत होती, भाकरीसारखी, ज्यानं त्यानं आपला तुकडा तोडायचा. पण माझ्या पत्रानं तिला काही झालं तर ते ओझं घेऊन मला मरता येणार नाही. म्हणून गप्प बसते.

एक अट आहे. मी तिला वाचायला शिकवणार. धडे पत्रातून येतील. ते तुम्ही शब्द न गाळता वाचून दाखवायचे आणि करवून घ्यायचे. रोज अर्धा तास. पहिला धडा सोबत आहे.

साइमी

—

औलू, १५ एप्रिल

प्रिय केर्त्तू,

मागचं पत्र तुटक झालं, शाळेच्या कामासाठी औलूला आले होते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. आता धडा पहिला. हसू नकोस, मी एकोणीस वर्षं मास्तरीण आहे आणि तू माझी आठवी विद्यार्थिनी.

शब्दाकडे बघूच नकोस. तुला तीस वर्षांची सवय, एका नजरेत शब्द उचलायची. ती सवय मेली, तिला जाऊ दे. एक अक्षर बघ. त्याच्या कडेकडेनं नजर फिरव, आणि नजर जाईल तसं उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर फिरव. डोळ्याला ओळखू येत नसेल, पण तुझ्या हाताला अक्षरं येतात. तो तुला सांगेल. मग मोठ्यानं म्हण. विल्होनं चूक की बरोबर एवढंच सांगायचं, आधी सांगून टाकायचं नाही.

माझ्याकडे मात्ती नावाचा एक लाकूडतोड्याचा मुलगा होता, दोन वर्षं अक्षर लागेना. त्याला मी बर्फात काठीनं गिरवायला लावलं. आज तो सगळ्या गावाची पत्रं वाचून देतो.

साइमी

—

तुर्कू, २२ जून

प्रिय साइमी,

वाचलं! काल, मध्य-उन्हाळ्याच्या सणाला. नदीकाठी बसलो होतो. समोर बोटीवर नाव रंगवलेलं. मी तळहातावर गिरवायला लागले. विल्हो म्हणाला, "सणाला तरी सुट्टी घे." मी म्हटलं, "गप." ल. मग बराच वेळ काही नाही. मग ओ. मग क. मग पुन्हा क. मग ई. लोक्की! सीगल! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या माणसाच्या हातातली बाटली नदीत पडली. विल्होनं त्याला आपली दिली. विल्होच्या डोळ्यांत पाणी होतं, बाटलीसाठी नव्हतं.

आंधळ्याला पहिल्यांदा दिसलं असतं तर त्यानं सीगलवर समाधान मानलं असतं. मी लगेच विचार केला, एका शब्दाला पाच मिनिटं, म्हणजे वर्तमानपत्राचं एक पान हिवाळ्यापर्यंत होईल. कचेरीनं माझी खुर्ची दुसरीला दिली. बरोबरच आहे.

डॉक्टर स्टेनरूस म्हणतात माझी फिल्म आता बदलते आहे. आधी डोळा भरकटायचा, आता अक्षरामागून अक्षर पायरीनं चढतो. हे कुणी शिकवलं ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी तुझं नाव-पत्ता दिला. "कुठल्या विद्यापीठात असतात?" म्हणाले. मी म्हटलं, "साल्मिवाराच्या. सात विद्यार्थी आणि एक स्वयंपाकीण."

विल्हो रोज अर्धा तास धडा घेतो. न चुकता. एवढा कडक मास्तर की मी त्याला "साहेब" म्हणते. तू या उन्हाळ्यात येत का नाहीस? सुट्टी आहे ना?

केर्त्तू

—

तुर्कू, १४ सप्टेंबर

साइमी,

तुझी गेल्या दोन महिन्यांतली तिन्ही पत्रं वाचून दाखवली. धडे आणि मुलांच्या गमती. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण मला येतं. तुझ्या ओळी खाली उतरायला लागल्या आहेत. शेवटच्या पत्रात शाईचा डाग होता आणि मध्येच पेन्सिल. शाळा सुरू झाली तरी शाळेचं काही लिहिलेलं नाहीस.

खरं सांग. मला सांग, मी सहन करीन.

तिला सांगावं असं आता रोज वाटतं. एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर रडली असती. आता सांगितलं तर आधी विचारील, कधीपासून माहीत आहे? रोज एक दिवस वाढतो आणि तो प्रश्न रोज एक दिवस मोठा होतो. सकाळी ठरवतो, धडा झाल्यावर सांगू. धडा होतो. ती खूश असते.

विल्हो

—

साल्मिवारा, २५ सप्टेंबर

विल्हो,

हाडांत गेलं आहे. शाळेवर रोव्हानिएमीहून नवीन मुलगी आली. तिनं शाळेतल्या माझ्या खोलीत मला राहू दिलं आहे, आल्मा बघते. औलूचे डॉक्टर म्हणाले, नाताळ धरून चालू नका.

आता सांगा तिला. मी गप्प बसायचं कबूल केलं होतं, ते परत घेते. मला तिला बघायचं आहे. तुम्ही दोघं या. ती धडधाकट नाही हे मला माहीत आहे. मीही नाही.

साइमी

—

तुर्कू, १९ ऑक्टोबर

प्रिय साइमी,

महिना झाला, तुझं टपाल नाही असं विल्हो म्हणतो. मी आता खाली पोस्टमनला स्वतः विचारायला जाते, पण पाकिटावरचं नाव वाचेपर्यंत तो पुढच्या जिन्यावर पोचतो. परवा विल्होच्या हातात पाकीट होतं. "कुणाचं?" "वीज कंपनीचं." मी हात पुढं केला, "दे, सराव होईल." त्यानं दिलं नाही. माझ्या उजवीकडे उभा राहिला. माझ्या उजवीकडे उभं राहिलं की मला माणूस दिसत नाही, हे त्याला माहीत आहे.

सत्तावीस वर्षांत या माणसानं माझ्यापासून काही लपवलेलं नाही. किंवा मला वाचता येत होतं म्हणून त्याची हिंमत झाली नसेल. त्याला दुसरी कुणी मिळाली असेल का? हसू नकोस. साठीला आला आहे, पण रात्री जागा असतो आणि माझ्याकडे बघत बसतो, आणि मी डोळे उघडले की वळतो.

मी आता तासाला तीन ओळी वाचते, मोठ्या टाइपातल्या. बारीक अक्षर अजून नाही. तुझं तर नाहीच. जरा मोठं लिहिलंस तर मीच वाचीन.

तुझी वाट बघणारी,
केर्त्तू

—

साल्मिवारा, १८ नोव्हेंबर

डॉक्टर स्टेनरूस यांस,

मी तुमच्याकडे येणाऱ्या केर्त्तू नुर्मेला यांची बहीण. हे आल्मा लिहिते आहे, मी सांगते आहे. सोबतचा कागद मात्र माझ्या हातचा आहे, त्याला तीन दिवस लागले.

कृपा करून हा कागद तिच्या समोर ठेवा. तिनं स्वतः वाचायचा आहे. तुम्ही वाचून दाखवू नका आणि तिच्या नवऱ्याला देऊ नका. तो वाईट माणूस नाही. मी त्याला सप्टेंबरात सांगितलं, त्यानं सांगितलं नाही, याचा अर्थ त्याला ते जमत नाही. मला आता थांबता येत नाही.

हा धक्का तिला सोसेल का, तुम्ही ठरवा. तुम्हाला वाटलं सोसणार नाही, तर कागद जाळा आणि मला कळवू नका. मी तिला शिकवलं ते याच दिवसासाठी का, हे माझं मलाही सांगता येत नाही.

साइमी कार्हू

(सोबतचा कागद)

के-र्त्तू
मी आ-जा-री आ-हे
फे-ब्रु-वा-री-पा-सू-न
वि-ल्हो-ला मा-ही-त आ-हे
ना-ता-ळ दि-स-णा-र ना-ही
ये

—

तुर्कू, २७ नोव्हेंबर

श्रीमती कार्हू यांस,

आपलं पत्र सोमवारी मिळालं. दोन दिवस विचार केला. मी झटक्यांचा डॉक्टर नाही, मी डोळ्यांच्या हालचाली मोजतो. पण आठ महिने मी आपल्या बहिणीला वाचण्यासाठी झगडताना पाहिलं आहे आणि तिच्यासाठी आलेला कागद जाळण्याचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

काल सकाळी तो तिच्यासमोर ठेवला. यंत्र नेहमीप्रमाणे सुरू होतं. ते थांबवायला हवं होतं हे नंतर माझ्या लक्षात आलं, याबद्दल क्षमा मागतो.

सहा ओळींना एकोणीस मिनिटं लागली. तळहातावर बोट फिरत होतं. स्वतःचं नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं. तिसऱ्या ओळीनंतर बोलली नाही. चौथ्या ओळीवर तिचा डोळा सात वेळा मागं गेला. वाचणाऱ्याला कळलं नाही की डोळा मागं जातो, असं आम्ही मानत आलो आहोत. काल मी तिथं उभा होतो. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

शेवटचा शब्द वाचून तिनं दातांतली पट्टी काढली, पुसून जागेवर ठेवली आणि विचारलं, "उत्तरेची गाडी किती वाजता?" मी म्हटलं, प्रवास धोक्याचा आहे, पतींना बरोबर घ्या. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव काढू नका." मी तिला गाडीत बसवून दिलं. तिच्याकडे फक्त हातपिशवी होती.

ती फिल्म मी कुठल्याही लेखात वापरणार नाही. हे पत्र पोचेल तेव्हा ती आपल्यापाशी असेल.

आपला,
आ. स्टेनरूस

—

साल्मिवारा, १ डिसेंबर

विल्हो,

तू पोलिसांत गेला होतास असं डॉक्टरांनी तारेनं कळवलं. मी साल्मिवारालाच आहे. साइमी शुक्रवारी पहाटे गेली. मी शुक्रवारी संध्याकाळी पोचले.

गुरुवारीच पोचायला हवं होतं. काय झालं ते लिहिते, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही, आणि ऐकायला तूच हवास.

औलूपर्यंत एक चांगला गार्ड होता. त्याला सांगून ठेवलं होतं, मला वाचता येत नाही, केमियार्वीला उतरायचं आहे, हाक मारा. औलूला गार्ड बदलला. त्यानं नव्याला सांगितलं की नाही, देव जाणे. डब्यात सगळे झोपलेले. सकाळी नवाच्या सुमारास गाडी थांबली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. खिडकीबाहेर पाटी होती. मी गिरवायला घेतली. क. ए. म. ई. तोवर इंजिनानं शिट्टी दिली. उजवीकडचं मला दिसत नाहीच, तुला माहीत आहे. शब्द तिथं संपला की पुढं आहे, मला कसं कळणार? पुढं 'यार्वी' असणारच असं मी धरून चालले. खरं सांगू? मला आनंद झाला होता. मी एकटीनं पाटी वाचली होती. पिशवी घेतली आणि उतरले.

ते केमी होतं, नुसतं केमी. गाडी गेल्यावर हमालाला विचारलं, साल्मिवाराची बस कुठून सुटते? तो म्हणाला, "बाई, अजून निम्मा लापलँड जायचा आहे." पुढची गाडी दुसऱ्या सकाळी. तो सगळा दिवस आणि रात्र मी स्टेशनच्या बाकावर काढली.

आल्मा म्हणते, गुरुवारी साइमी शुद्धीवर होती. डॉक्टरांनी तार केली होती, मी येते आहे म्हणून. तिनं केस विंचरून घेतले, उशी खिडकीच्या बाजूला सरकवायला लावली. बस आली की विचारायची, "उतरली का?" दोन बस आल्या. दुसरी गेल्यावर म्हणाली, "नुसती कॉफी पीत बसली असेल कुठंतरी," आणि हसली. मग बोलली नाही.

तू बरोबर असतास तर ती पाटी तू वाचली असतीस. दोन सेकंदांत. मग मी गुरुवारी इथं असते. तू सप्टेंबरात सांगितलं असतंस तर आम्हाला दोन महिने मिळाले असते. फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर मी तिला दोन ओळी लिहिल्या असत्या. ते तुझं. आणि मी रागानं तुला न सांगता निघाले, डॉक्टर सांगत असताना एकटी निघाले, ते माझं. चार दिवस मी हे दोन्ही तराजूत टाकून बघते आहे. कधी तुझं पारडं खाली जातं, कधी माझं. ती मात्र दोन्ही वेळा मेलेलीच असते.

तिच्या खणात तुझी पत्रं मिळाली. आल्मा म्हणाली वाचून दाखवू का, मी नको म्हटलं. ईस्टरचं पत्र मी स्वतः वाचलं, दीड दिवस लागला. तू मोठं अक्षर काढतोस ते बरं झालं. "मला एकच बायको आहे" इथं माझा डोळा थांबला आणि पुढं जाईना. मलाही एकच बहीण होती, विल्हो.

तू भीतीनं केलंस, हे मला कळलं. माफ केलं की नाही ते मला अजून माहीत नाही, आणि माहीत नसताना लिहिणार नाही. ओळी गाळण्याचं काम आपल्या घरात पुष्कळ झालं.

रविवारी प्रार्थनेनंतर पुरणार आहेत. तिच्या बाजूनं उभं राहायला मी आणि आल्मा एवढ्याच आहोत, आणि शाळेतली मुलं. तू ये. इथून पुढं माझं टपाल मी उघडणार. एका पत्राला आठवडा लागला तरी चालेल. तू समोर बसायचंस आणि गप्प राहायचंस.

पेटी उचलायला चार माणसं लागतात, गावातले तीन तयार आहेत. जाड मोजे आण, जमीन फार गोठली आहे.

केर्त्तू